भाजलेल्यांच्या नसाही तपासा

महोदय,

भाजलेल्या रुग्णाची जखम भरली, लावलेली कातडी धरली, की त्याला घरी सोडतात. कातडीखालच्या नसांचे, म्हणजे स्पर्श आणि हालचाल सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचे काय झाले, हे बहुतेक वेळा कोणी पाहतच नाही.

माझा धाकटा दीर शेतीपंपाच्या स्टार्टरचा शॉक लागून भाजला. तळहातावरची जखम रुपयाएवढी, ती सुकलीही. पण बोटांच्या मुंग्या आणि रात्रीची आग वाढतच गेली. शर्टाची गुंडी त्याला लावता येत नाही. चहाचा गरम पेला धरतो आणि अंगठ्याला फोड आला की मग कळते, पोळले. ड्रेसिंगच्या वेळी सांगितले, तर ‘होईल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळाले.

विजेने भाजल्यावर बाहेरचा डाग लहान असला तरी आत स्नायू आणि नसा होरपळलेल्या असू शकतात. काही लक्षणे तर कित्येक महिन्यांनी दिसू लागतात. आगीने भाजलेल्यांनाही हा त्रास होतो. अंगाचा बराच भाग भाजलेला असेल, आयसीयूत फार दिवस काढले असतील किंवा मधुमेह असेल, तर धोका जास्त. शिवाय सूज, घट्ट पट्ट्या, एकाच स्थितीत पडून राहणे यांमुळे कोपराजवळची किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आणि पंजा किंवा पाऊल लुळे पडते. हे तर नीट लक्ष दिले तर बऱ्याच अंशी टाळता येते, म्हणूनच जास्त जिव्हारी लागते.

इजा झालेली नस पुन्हा वाढते, तीही दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. कोपरापासून बोटांपर्यंत पोहोचायलाच वर्षभर जाऊ शकते. तोवर स्नायू वाळू नयेत, सांधे आखडू नयेत, म्हणून व्यायाम आणि स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) पहिल्यापासून हवेत. जखम सुकायची वाट पाहत बसलो, तर हा वेळ हातचा जातो.

घरी सोडताना स्पर्श, टोचणी आणि पकड तपासून डिस्चार्ज कार्डावर लिहावे, पुढच्या प्रत्येक फेरीत पुन्हा पाहावे. याला यंत्र लागत नाही. शंका आली तर नसांची तपासणी आणि फिजिओथेरपी जिल्हा रुग्णालयातच मिळावी. एका हाताने कामाला मुकलेल्या माणसाने त्यासाठी मुंबई-पुण्याच्या खेपा किती घालायच्या?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्यातील पीडितांचा नावानिशी उल्लेख आहे. विजेने किंवा स्टोव्हने भाजलेल्यांचा तसा नाही. त्यांना हातापायाची ताकद किती गेली हे दाखवूनच प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि अनेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. नसांची नोंद पहिल्यापासून कागदावर नसेल, तर त्यांनी तिथे दाखवायचे काय?

– एक वाचक, कराड