पाळणाघर मागायचे कोणी?

महोदय,
बाळंतपणाची रजा संपवून मी गेल्या महिन्यात मकरपुऱ्यातील कारखान्याच्या ऑफिसात पूर्णवेळ रुजू झाले. लेक पाच महिन्यांची आहे, अजून अंगावरच पिते.

2017 च्या कायदेदुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, याचे मोल मी जाणते. पण 50 किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आले पाहिजे, हेही त्याच दुरुस्तीत आहे. आमच्याकडे दीडशेच्या वर माणसे आहेत. मी विचारले तर उत्तर आले, "मागणीच नाही." मागणी करणार कोण? माझ्याआधीच्या दोघी बाळंतपणानंतर परत आल्याच नाहीत.

दूध काढायला मी स्टेशनरीच्या खोलीत बसते. दाराला कडी नाही, म्हणून पाठ दाराला लावून. बाटली बर्फाच्या पिशवीत गुंडाळून संध्याकाळी दांडिया बाजारात घरी नेते. सासूबाई आहेत म्हणून निभते. सगळ्यांच्या घरी त्या नसतात.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 साली मुलींसह सर्वांना सक्तीचे मोफत शिक्षण दिले. त्या गावात शिकल्यासवरलेल्या बायकांनी पाळण्यापायी नोकरी सोडावी, याची मला फार खंत वाटते. कामगार खात्याने तपासणीला यावे तेव्हा रजिस्टरच नव्हे, पाळणाघराची खोलीही उघडून पाहावी, ही कळकळीची विनंती.

— एक नोकरदार आई, दांडिया बाजार, बडोदे