चार घड्या घातलेला कागद

मुंबई,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या रक्ताच्या दुसऱ्या तपासणीचा निष्कर्ष काल हाती आला. तो फोनवर कळवता आला असता, परंतु मला जे सांगायचे आहे ते केवळ पायातील गुठळीपुरते नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. दोघांनी एकत्र बसून सावकाश वाचावे.

जूनमध्ये आईच्या रक्तात सापडलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, १२ आठवड्यांनंतरही तशीच आहेत. एखाद्या संसर्गानंतर अशी प्रतिपिंडे काही काळ दिसतात आणि आपोआप नाहीशी होतात, म्हणूनच इतक्या अंतराने पुन्हा तपासल्याशिवाय निदान करायचे नाही, असा नियम आहे. आता निदान पक्के झाले आहे. या विकाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच रक्तातील घटकांना परके समजू लागते आणि रक्त नको तेथे साकळते.

आईचा पाय सुजला तेव्हा पहिल्या रुग्णालयात काय झाले ते तुम्हाला आठवत असेल. रक्त गोठायला जास्त वेळ लागतो आहे, म्हणजे ते पातळ आहे, तेव्हा गुठळीचा प्रश्नच नाही, असे सांगून मलम देऊन घरी पाठवले गेले आणि मोलाचे दोन दिवस गेले. मी याच विषयात काम करत असल्यामुळे त्या दोन दिवसांचा सल माझ्या मनात अजून आहे. काचेच्या नळीत रक्त गोठवण्यासाठी फॉस्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ बाहेरून घालावा लागतो. आईची प्रतिपिंडे नेमकी त्यालाच जाऊन बिलगतात, गोठण्याच्या क्रियेला आधार उरत नाही आणि वेळ लांबत जातो. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि प्लेटलेटना चेतवून गुठळी घडवतात. नळीत पातळ आणि अंगात घट्ट, असे हे रक्त असते. १९५२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपस या विकाराच्या दोन रुग्णांत हा दोष प्रथम नोंदवला, तेव्हा त्यांनाही हा रक्तस्रावाचाच विकार वाटला होता.

या वेळची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत झाली. सख्ख्या आईचा नमुना आपण हाताळू नये म्हणून मी तो सहकाऱ्याकडे सोपवला, पण शेजारी उभी होते. निळ्या झाकणाच्या नळीतील रक्त त्याने यंत्रात दोनदा वेगाने फिरवून घेतले, कारण प्लाझ्मात थोड्या जरी प्लेटलेट राहिल्या तरी त्या स्वतःचे फॉस्फोलिपिड पुरवतात आणि दोष झाकला जातो. नंतर त्याने त्यात जे द्रव्य घातले ते ऐकून बाबांना नवल वाटेल: घोणसीचे अतिशय सौम्य केलेले विष. शेजारच्या काकांना खळ्यावर घोणस चावली तेव्हा तुम्हीच त्यांना आरोग्य केंद्रात नेले होते. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ती वीस मिनिटे हलवू दिली नाही आणि तुम्ही घड्याळाकडे डोळे लावून बसला होता. नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले, कारण विषाने गोठवणारे घटक खर्चून टाकले होते. तेच विष मोजून, किंचित घातले की गोठण्याच्या साखळीतील दहाव्या घटकाला थेट जागे करते, आणि १९८६ पासून या प्रतिपिंडांचा शोध घेण्यासाठी ते वापरले जाते. आईचा वेळ ७१ सेकंद आला. सध्याच्या वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळेही वेळ वाढतो, म्हणून निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून पाहिला. गोळीमुळे कमी झालेले घटक त्यातून भरून निघतात, तरीही वेळ ६२ सेकंद राहिला. मग भरपूर फॉस्फोलिपिड घातले आणि तो ४१ वर आला. आकडा खाली उतरला तेव्हा माझ्या मनात पायातील गुठळी नव्हती, १९८४ साल होते.

आई, ऑगस्टमध्ये मी घरी आले होते तेव्हा तू ट्रंकेच्या तळातून रेशनकार्डाच्या पिशवीतला चार घड्यांचा पिवळा कागद काढून माझ्या हाती दिलास आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेलीस. त्यावर निळ्या शाईत "व्हीडीआरएल: रिॲक्टिव्ह" असे लिहिलेले होते, म्हणजे गरमीच्या रोगासाठीची रक्ततपासणी होकारार्थी. गरोदरपणीच्या साध्या तपासणीत हे निघाले आणि त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर, आजी आणि आत्या शेजारी असताना, तुला गरमीचा रोग, म्हणजे सिफिलिस, आहे असे सांगण्यात आले, हे मला नंतर बाबांकडून कळले. बाबांनी लगेच स्वतःचे रक्त तपासून घेतले आणि ते निर्दोष निघाले. तुम्ही ते आईच्या बाजूने उभे राहण्यासाठी केले होते, बाबा, पण घरच्यांनी त्याचा उलटाच अर्थ लावला. इंजेक्शने झाली, तरी सहाव्या महिन्यात बाळ गेले आणि तेही त्या रोगाच्याच खात्यावर लिहिले गेले. आजी दोन वर्षे आईच्या हातचे पाणी प्यायली नाही.

आता मी जे लिहिते आहे ते तुमची लेक म्हणूनही आहे आणि या विषयाची अभ्यासक म्हणूनही. ती तपासणी त्या रोगाचा जंतू कधी शोधतच नाही. १९०६ मध्ये जर्मनीत वासरमन यांनी तिचा पहिला प्रकार तयार केला तेव्हा रोगाने मेलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला होता, पण लवकरच असे दिसले की निरोगी अवयवांच्या अर्कानेही तेच उत्तर येते, आणि पुढे गोवंशाच्या हृदयाचा अर्क वापरात आला. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी त्या अर्कातील नेमका पदार्थ वेगळा केला. तो होता कार्डिओलिपिन, एक फॉस्फोलिपिड. म्हणजे ज्याच्या रक्तात फॉस्फोलिपिडला धरणारी प्रतिपिंडे असतील, त्याचा हा अहवाल रोग नसतानाही होकारार्थी येऊ शकतो. १९५२ मध्येच मूर आणि मोर यांनी असे खोटे होकार तपशीलवार नोंदवले होते, आणि त्यांतील कित्येक जणांना पुढे ल्युपससारखे स्वयंप्रतिकार विकार झाले. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि ही प्रतिपिंडे यांचे नाते एकत्र मांडले. आईचा कागद त्याच्या पुढच्याच वर्षीचा आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना ते ठाऊक नव्हते यासाठी मी त्यांना दोष देणार नाही. पण एका गरोदर बाईला भरल्या दवाखान्यात ते तसे सांगणे मला आजही क्षम्य वाटत नाही.

ही केवळ माझी माया बोलत नाही, हे तुम्हाला पटावे म्हणून पुढचे सांगते. १९९० मध्ये ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि जपान येथील तीन गटांनी दाखवून दिले की या विकारातील प्रतिपिंडांना कार्डिओलिपिनला चिकटण्यासाठी रक्तातील बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनाचा आधार लागतो, तर गरमीच्या रोगातील प्रतिपिंडे त्याच्याविना थेट चिकटतात. आईच्या रक्तात या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे दोन्ही वेळा भरपूर सापडली. शिवाय तुझ्या परवानगीने मी जंतूची नेमकी तपासणीही करून घेतली. एकदा लागण झाली की ती उपचारानंतरही सहसा जन्मभर होकारार्थी राहते. तुझी नकारार्थी आहे. १९८४ चे रक्त आज कोणाकडे नाही, पण हे दोन निकाल आणि तो कागद एकत्र ठेवले तर कोणताही जाणकार माझ्यासारखेच म्हणेल: आई, तुला तो रोग कधी नव्हताच. बाळही त्याने गेले नाही. वारेच्या पेशींना ही प्रतिपिंडे इजा करतात, वार नीट वाढत नाही, आणि मी साडेसातव्या महिन्यात, दीड किलोची जन्मले त्याचे कारणही बहुधा तेच होते. लंडनमध्ये ९० स्त्रियांवर केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के, तर जोडीला रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. आमच्याकडे तीन-तीन गर्भपात सोसलेल्या मुली येतात, त्यांचे अहवाल लिहिताना मला आता प्रत्येक वेळी तो पिवळा कागद दिसतो.

औषधाविषयी थोडे. वॉरफरिन हे उंदीर मारायचे औषध आहे असे कोणी बाबांना सांगितले, ते खरे आहे. १९४८ मध्ये ते त्यासाठीच बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना दिले जाऊ लागले. त्याने घाबरू नका, प्रमाण महत्त्वाचे असते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३ च्या दरम्यान राहिला पाहिजे आणि त्यासाठी तालुक्याच्या खेपा चुकवू नका. खेपा टाळणाऱ्या नव्या गोळ्यांचा विचार आईच्या बाबतीत करू नये. तिच्यासारख्या तिन्ही तपासण्या (विषाने गोठण्याचा वेळ, कार्डिओलिपिनविरुद्धची आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरुद्धची प्रतिपिंडे) होकारार्थी असलेल्या १२० रुग्णांवर इटलीत त्यांपैकी एक गोळी वॉरफरिनशी ताडून पाहिली गेली, तेव्हा नव्या गोळीच्या गटात पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्यामुळे प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तो निष्कर्ष २०१८ चा आहे. अळू, माठ, शेवग्याचा पाला बंद करू नये, फक्त आठवड्याचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. गुडघे दुखले तर दुकानातून परस्पर गोळी आणू नये, आधी मला फोन करावा.

पुढची तपासणी सोमवारी, २७ तारखेला आहे. दिवाळीला येताना मी तो कागद परत आणते आहे. त्याला नवे दोन्ही अहवाल टाचले आहेत आणि मराठीत एका पानाचा खुलासा लिहून आमच्या विभागप्रमुखांची सही घेतली आहे. आत्या त्या आठवड्यात घरी असेल, असे बाबा म्हणाले. तिला ते वाचून दाखवायचे की पुन्हा ट्रंकेत ठेवायचे, ते आई, तूच ठरव.

तुमची,
लेक