काकूंची गोळी, बोंडअळी आणि दुसरी बायोप्सी

खारघर, नवी मुंबई
रविवार

प्रिय गजा,

काल फोनवर तू एवढा तापला होतास की माझं निम्मं बोलणं वाऱ्यावर गेलं. म्हणून निवांत लिहायला बसलो. तुझे दोन प्रश्न होते. काकूंना इतके दिवस लागू पडलेली कॅन्सरची गोळी एकाएकी चालेनाशी झाली कशी, ती नकली तर नव्हती? आणि कॅन्सर कोणता हे एकदा कळलंय, तर पुन्हा बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, कशाला? बिल फुगवायला?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. ती तपासणी करून घ्या. बिलांवरचा तुझा राग मी समजू शकतो, पण ही मागणी रास्त आहे.

सुरुवातीला होती तीच गाठ आजही काकूंच्या फुप्फुसात आहे असं आपण धरून चालतो. ती तशी राहत नाही. पेशी दुभंगते तेव्हा डीएनएची नक्कल होते, नकलेत चुका राहतात आणि कॅन्सरच्या पेशींत त्या फार साचतात. कोट्यवधी पेशींच्या गाठीत मग वेगवेगळे वाण तयार होतात, आणि ज्याला परिस्थिती मानवते तो फोफावतो. पीटर नॉवेल या अमेरिकन शास्त्रज्ञानं हा विचार १९७६ मध्येच मांडला होता. पुढे २०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वँटन यांच्या गटानं मूत्रपिंडाच्या गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे तपासले, तर जवळपास दोन तृतीयांश जनुकीय बदल सगळ्या तुकड्यांत सापडलेच नाहीत. एकाच माणसाची एकच गाठ, तरी ही तऱ्हा.

बाकीचं तुला मी काय सांगणार, तू ते शेतात भोगलंयस. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी बीटी कपाशी २००२ मध्ये आली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असं आपल्याला वाटलं होतं. आणि २०१७ च्या हंगामात तुझ्याच वावरात डोमकळ्या, म्हणजे अळी लागलेली न उमलणारी फुलं, दिसली. वरून बोंड धडधाकट, फोडलं तर आत गुलाबी अळी आणि कवडी झालेला कापूस. बियाणं नकली होतं का? काहींचं असेलही, पण खरं कारण ते नव्हतं. बीटीचं विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या होत्या, बाकीच्या मेल्या आणि सगळं रान त्यांना मोकळं मिळालं. वर आपण हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून फरदड घेत राहिलो, म्हणजे त्यांच्या जेवणाचीही सोय केली.

काकूंच्या गोळीचं हेच झालंय. त्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल होता. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. जेफिटिनिब, म्हणजे काकूंची ही गोळी, त्या बदललेल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि पेशीची वाढ रोखतं. पण अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुढे टी७९०एम हा आणखी एक बदल असलेल्या पेशी वरचढ होतात. त्यांच्यावर ही गोळी चालत नाही. तेव्हा काकूंना नीट सांग. एखाद्या दिवशी गोळी चुकली म्हणून किंवा लोणचं खाल्लं म्हणून हे झालेलं नाही. वहिनी म्हणाल्या, त्या स्वतःलाच दोष देत बसल्यात. तेवढं आजच्या आज थांबव.

आता तपासणी का, ते बघ. टी७९०एम निघालं तर ओसिमर्टिनिब ही गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१५ मध्ये याच कामासाठी मंजुरी मिळाली. नाही निघालं तर वाट वेगळी. क्वचित ही गाठ रूप पालटून स्मॉल सेल प्रकारची होते. मग केमोसुद्धा वेगळी लागते, आणि ते ओळखायला गाठीचा तुकडाच हवा. गाठीचा डीएनए थोडा रक्तातही उतरतो, त्यामुळे आधी रक्तावरून बघता येईल का हे डॉक्टरांना विचार. काकूंची सुई वाचेल. मात्र रक्तात काही मिळालं नाही म्हणजे बदल नाहीच, असं धरायचं नाही. आणि तुझ्यापासून लपवत नाही, ओसिमर्टिनिबलाही दाद न देणाऱ्या पेशी बहुधा कालांतरानं डोकं वर काढतात. पण मधला काळ बरा जातो, आणि तो थोडाथोडका नसतो.

एक गोष्ट सांगू की नको, असं होतंय, पण तू शेतकरी आहेस म्हणून सांगतोच. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची रेफ्युजीची, म्हणजे बीटी नसलेल्या बियाण्याची, पुडी यायची आणि आपण ती बांधावर फेकायचो, आठवतं? साध्या अळ्या जिवंत राहाव्यात म्हणजे चिवट अळ्यांचं राज्य होणार नाही, हा तिचा हेतू. फ्लोरिडातले डॉ. रॉबर्ट गेटनबी यांनी कीड नियंत्रणातला हाच धडा कॅन्सरला लावून पाहिला. पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कॅन्सर पसरलेल्या रुग्णांमध्ये रक्तातलं पीएसए, म्हणजे त्या ग्रंथीतून येणारं प्रथिन, निम्म्यावर आलं की औषध थांबवायचं, पहिल्या पातळीवर परतलं की पुन्हा सुरू. २०१७ मध्ये अकरा रुग्णांचे निकाल छापून आले. नेहमीच्या निम्म्याहूनही कमी औषधात आजार जास्त काळ आटोक्यात राहिला होता. मला हा विचार फार आवडतो. पण माणसं अकरा आणि आजार दुसरा. तेव्हा हे वाचून काकूंची गोळी स्वतःच्या मनानं बंद केलीस तर माझ्याशी गाठ आहे! ती बंद करायची की बदलायची, हे डॉक्टर ठरवतील.

दुसरं मत घ्यायचं असेल तर इथे खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, आमच्या घरापासून रिक्षानं जाता येतं. ठाण्याला उतरलात की पनवेल लोकल थेट खारघरला आणून सोडते. लॉज वगैरे बघू नकोस, खालची खोली रिकामीच आहे.

येताना पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक तिथल्या लॅबमधून मागून घे. नुसता रिपोर्ट पुरत नाही. प्लास्टिकच्या छोट्या जाळीदार डबीवर मेणाचा चौकोन असतो आणि त्यात तांदळाएवढा तुकडा. नवा तुकडा त्याच्याशी ताडून बघता येतो. ते अर्ज लिहून मागतील, लिहून दे. सोबत स्लाइड्स आणि स्कॅनच्या सीडीही घे. ब्लॉक बसच्या खिडकीशी उन्हात ठेवू नकोस, मेण आहे ते.

तुझा,
सुधीर