मनू, रागावू नकोस, वाच

मनू,

काल फोन कट केलास, ठीके. "मला कोणाची गरज नाही" म्हणालीस. रूममेट गेली तर खोली एकटीने ठेव, भाड्याचं बघू, मी त्यावर काही बोलणार नाहीये.

तू ज्या हॅम्बुर्गात आहेस तिथेच १९२४ मध्ये ईझिंगने फिजिक्सचा थिसिस लिहिला, हे तूच मला सांगितलेलंस. त्याच्या गाइडने, लेन्झने, त्याला प्रॉब्लेम दिला, छोटे चुंबक एका रांगेत, प्रत्येकाला दोनच शेजारी. निघालं काय तर तापमान निरपेक्ष शून्याच्या जरा वर गेलं की सगळ्यांनी एकाच दिशेला राहायची ती एकजूट संपली, कारण एक जोड तुटायला लागणारी एनर्जी ठरलेली आणि तुटायच्या जागा मात्र रांगेएवढ्या, मग एंट्रॉपीच, म्हणजे विस्कटण्याची ओढच, जिंकते. तेच चुंबक जाळीत मांडले, चार-चार शेजारी दिले, की उलटं फिरलेलं बेट जितकं मोठं तितकी त्याची हद्द लांब आणि तितकी किंमत जास्त, म्हणून थंडीत बाकीचे त्याला धरून ठेवतात. हे पायर्ल्सचं, १९३६ चं. जाळीतली एकजूट कुठल्या तापमानाला मोडते त्याचा नेमका आकडा ऑन्सागरने १९४४ ला काढला, जे (शेजाऱ्यांमधल्या जोडाची ताकद) आणि के (बोल्ट्झमनचा स्थिरांक) एक धरले तर २.२६९. त्याच्या वर चौघं शेजारीही काही करू शकत नाहीत, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण मनू, दोनवर नको गं राहूस, आणि तुझ्याकडे तर आता दोनही नाहीत.

झालं, लेक्चर सुरू. सॉरी. वर्गातली सवय.

बारावीला तू गच्चीवर अभ्यासाला बसायचीस तेव्हा खालचे काका चहा घेऊन यायचे, पियूची आई पोहे, आणि तू चिडायचीस की ही बिल्डिंग आहे का धर्मशाळा. मार्क आले तेव्हा पेढे वाटायला मात्र चारही मजले स्वतः पळालीस, चप्पलसुद्धा न घालता. तुझ्या सिम्युलेशनचा व्हिडिओ मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला, काळे-पांढरे ठिपके बघून कोणाला काही कळलं नाही, मी तरी दाखवला.

रात्री जेवतेस ना? कोणाबरोबर, ते नाही विचारत.

बाबा म्हणतायत गोडा मसाला पाठवू का. आणि खालच्या मजल्यावरची ती इराणी मुलगी सूप घेऊन आलेली ना, तिचा डबा परत केलास का? रिकामा देऊ नकोस.

आई