आई-बाबा, गणपतीला येत नाहीये, आणि अजून एक सांगायचंय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला जमेना, आईचा आवाज ऐकला की सगळं घशातच अडकतं, म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला आम्ही येत नाही. डिसेंबरची तिकिटं काढलीत, चांगले तीन आठवडे राहणार. सोनूच्या शाळेचा फुटबॉल सीझन ऑगस्टला सुरू होतो आणि हो, मी त्याच्या फॉर्मवर सही केलीय. बाबा, तुमचा शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल नव्हे, इथला, बॉल पोटाशी धरून पळायचा. तो रनिंग बॅक आहे, म्हणजे समोरचे अकरा जण पाडायला टपलेले असताना वाट काढत पळणारा.

आई, आधी पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल. तालमीतल्या पोरांनी बाबांना रिक्षातून आणलं ती संध्याकाळ मी विसरलेली नाही, तो गुडघा अजून दुखतो हेही माहितीय. डोक्याला मार बसू शकतो, मी खोटं सांगणार नाही. पण जरा शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढतात, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत घेत नाहीत, हे सगळं विचारूनच सही केली.

आणि सही करण्याचं खरं कारण म्हणजे आर्ची ग्रिफिन, इथला जुना नावाजलेला रनिंग बॅक. बाबा, तुम्ही आलात तेव्हा घोड्याच्या नालासारखं ते ओहायो स्टेडियम दाखवलं होतं ना, लाखावर माणसं बसतात ते, तिथे बाहेर 2024 मध्ये त्याचा पुतळा बसवलाय. आमच्याच कोलंबस शहरातला पोरगा. आठ भावंडं, वडील तीन-तीन नोकऱ्या करायचे. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. 1972 मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षी पहिल्यांदा बॉल हातात आला आणि सुटून पडला. सोनूचं पण प्रॅक्टिसमध्ये अगदी तेच झालं, दोन दिवस नीट जेवला नाही, मला खेळायचंच नाही म्हणाला. मग रात्री त्याच्या डोक्याला तेल लावत बसले, आई तू माझ्या परीक्षेच्या आधी लावायचीस तसंच, आणि त्याला पुढची गोष्ट सांगितली. पुढच्या मॅचला आर्ची बेंचवर बसला होता, आपल्याला कोण घेतंय असं वाटत होतं, आणि कोच वूडी हेजनी हाक मारली तर म्हणे घाईत हेल्मेट न घालताच धावला! त्या दिवशी बॉल घेऊन 239 यार्ड पळाला, कॉलेजचा रेकॉर्ड. पुढे सलग 31 मॅचमध्ये शंभर यार्डांच्या वर. करिअरमध्ये 5589 यार्ड, म्हणजे पाच किलोमीटर, तेही माणसं अंगावर येत असताना. 1974 आणि 1975, दोन्ही वर्षी हाईसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आजपर्यंत दोनदा मिळालेला तो एकटाच. त्याचा जर्सीचा 45 नंबर कॉलेजात आता कुणाला देत नाहीत. आणि वूडी म्हणायचे की हा खेळाडू म्हणून मोठा आहेच पण माणूस म्हणून त्याहून मोठा. मला सोनूसाठी हे हवंय हो, ट्रॉफी नकोय. पडल्यावर परत उठून जाणं घरात बसून नाही शिकवता येत मला.

बाबा, तुमचं खेळणं सुटलं तेव्हा तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, पण मॅचच्या दिवशी स्टेडियमकडून आरडाओरडा ऐकू आला की गॅलरीत जाऊन उभे राहायचात. मी तेव्हा लहान होते, पण बघायचे.

आता ऐका. गणपतीत आईने एकटीने एकवीस मोदक करत बसू नये, शेजारच्या काकूंना ऑर्डर दिलीय, पैसे पण पाठवलेत, परत करू नका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, नाश्ता झाल्यावर, विसरलो म्हणून रात्री घ्यायची नाही. पावसात रंकाळ्यावर चालायला जाऊ नका, पायऱ्या निसरड्या असतात. गीझर बदलून घ्या, इन्व्हर्टरवाला शनिवारी येईल. आरतीला व्हिडिओ कॉल लावा, आम्ही सगळे तयार होऊन बसतो.

सोनूची मॅच गुरुवारी संध्याकाळी असते, म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे तीन. बाबा, जागायचं नाही. रेकॉर्डिंग पाठवते, उठल्यावर चहा घेत बघा. त्याला 45 मिळाला नाही, 35 मिळालाय. लाल जर्सी आहे, लगेच ओळखाल.

तुमची,
ताई