ओळखीचे वाटणारे जुने इंग्रजी शब्द

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या इंग्रजी शब्दांची ओळख करून देणारे छोटे सदर येते, ते मी आवर्जून वाचते. 'फॉरसूथ', 'बिट्विक्स्ट', 'दिदर' असे वापरातून गेलेले शब्द तेथे अर्थासह दिलेले असतात. मात्र एकतीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की, असे शब्द वाचकाला फारसा त्रास देत नाहीत, कारण अनोळखी शब्द दिसला की तो थांबतो आणि कोश उघडतो. फसगत होते ती रोजच्या वापरातल्या शब्दांमुळे, ज्यांचे रूप तेच राहिले आणि अर्थ मात्र मधल्या शतकांत बदलून गेला. सदरात अशा शब्दांनाही जागा मिळावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

निमित्त असे घडले की, शेजारची एक विद्यार्थिनी शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला सज्जातला प्रवेश घेऊन माझ्याकडे आली. तिच्या मार्गदर्शिकेत 'व्हेअरफोर' या शब्दाचा अर्थ 'कुठे' असा छापला होता आणि त्यावर विसंबून तिने समासात पेन्सिलीने 'रोमिओ, तू कुठे आहेस?' असे लिहून ठेवले होते. वास्तविक 'व्हेअरफोर' म्हणजे 'का', 'कशासाठी'. तू रोमिओच का असावास, वैऱ्याच्याच घराण्याचे नाव तुला का लागावे, असे ज्युलिएट विचारते आणि म्हणूनच लगेच पुढच्या ओळीत, बापाला नाकार आणि ते नाव टाकून दे, असे म्हणते. 'कुठे' हा अर्थ घेतला की पुढच्या ओळीचा मागच्या ओळीशी संबंधच उरत नाही. मुलीने समासातले वाक्य खोडले, तो प्रवेश पुन्हा वाचला आणि "आता कळलं ती नावावर का घसरते ते," असे म्हणाली.

असा शब्द शोधायला चारशे वर्षे मागेच जावे लागते असेही नाही. आपला भारतीय पासपोर्ट उघडून पाहावा. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत, पासपोर्टधारकास 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावे, असे शब्द आहेत. 'लेट' म्हणजे 'करू देणे' एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाक्य उलटेच वाटणार. प्राचीन इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती: एकाचा अर्थ 'करू देणे, सोडणे' आणि दुसऱ्याचा 'अडवणे, खोळंबा करणे'. हे दुसरे क्रियापद उशीर दाखवणाऱ्या 'लेट'च्या गोत्रातले. काळाच्या ओघात उच्चार झिजून दोन्ही क्रियापदे एकसारखी झाली आणि परस्परविरुद्ध अर्थ एकाच रूपात नांदू लागले. भुताच्या मागे निघालेला हॅम्लेट, मला जो 'लेट' करील त्याचेच भूत करीन, अशी धमकी देतो, तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या सोबत्यांना तो दटावत असतो. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून पलीकडे योग्य चौकटीत पडला की पंच जो 'लेट' पुकारतो, तोही हाच. खरेदीखतांच्या इंग्रजी मसुद्यांत 'लेट' आणि 'हिंडरन्स' ही जोडी अजून भेटते. आपल्या दस्तांतला 'हरकत' हा शब्द तिथे अगदी चपखल बसतो.

मिठाईच्या दुकानाच्या पाटीवरचा 'स्वीटमीट' हा शब्दही असाच. 'मीट' म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न. १६११ च्या इंग्रजी बायबलच्या पहिल्याच अध्यायात बी देणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळे माणसाला 'मीट' म्हणून दिल्याचा उल्लेख आहे.

'डिअर' या शब्दाचा अर्थही असाच आक्रसला. एके काळी तो कोणत्याही जनावराला लागू होता आणि जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद 'टिअर' आजही त्याच अर्थाने वावरतो. 'किंग लिअर'मध्ये वेड्याचे सोंग घेतलेला एडगर आपल्या खाण्यात उंदीर, घुशी आणि तसलेच लहान 'डिअर' असल्याचे सांगतो, तिथे हरणे आणली तर सगळाच घोटाळा होईल. मराठी विद्यार्थ्याला हे समजावणे फार सोपे आहे, कारण आपला 'मृग' याच वाटेने गेला आहे. मृगया म्हणजे केवळ हरणांची शिकार नाही, मृगराज म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे वानर. दोन दूरच्या भाषांत 'जनावर' हा अर्थ आक्रसून हरणापाशीच येऊन थांबावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

'दाउ'बद्दलही थोडे लिहायला हवे. प्रार्थनांतून ऐकू येतो म्हणून हा शब्द आदरार्थी असावा, असे पुष्कळांना वाटते. तो आपला साधा 'तू' आहे. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅले यांच्यावरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी मुद्दाम 'दाउ' वापरून त्यांचा अपमान केला, म्हणजे भर न्यायालयात अरेतुरे केले. विठ्ठलाला आणि आईला 'तू' म्हणणाऱ्या आपल्या वाचकाला, देवाशीही हाच शब्द का वापरला जाई, हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून सूचना अशी की, सदरात प्रत्येक शब्दासोबत तो त्या अर्थाने कोणत्या काळात वापरला जाई हे द्यावे आणि त्या काळातले एक वाक्यही द्यावे. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची रीत हीच आहे. त्यात अर्थागणिक सालवार उदाहरणे आहेत आणि लोपलेल्या अर्थाआधी कट्यारीची खूण आहे. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी निदान हा कोश उघडून पाहायला हवा. घाईने छापलेला एक चुकीचा अर्थ वर्गातल्या साऱ्या वह्यांत उतरतो आणि तो पुसायला शिक्षकाला वर्ष पुरत नाही.

माझ्याकडे अशा साठेक शब्दांची टिपणे आहेत. आपण कळवल्यास ती पाठवीन. त्यांतला पहिला शब्द 'प्रिव्हेंट' आहे: १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात भक्त देवाला 'प्रिव्हेंट अस' अशी विनवणी करतात, तेव्हा आमच्या प्रत्येक कार्यात तू आमच्यापुढे चाल, असे ते म्हणत असतात.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा