वहीतली पावलं : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

आधी एका जर्मन माणसाविषयी लिहितो, मग आमच्या तालुक्याच्या संकुलाकडे येतो.

गेर्ड ओझेनबर्ग हे लेव्हरकुझेनच्या ‘बायर’ कंपनीच्या क्लबातले उड्यांचे प्रशिक्षक होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाइडे रोझेनडालने लांब उडीचं सुवर्ण ६.७८ मीटरवर घेतलं. दुसरी आलेली बल्गेरियाची खेळाडू अवघा एक सेंटिमीटर मागे. १९९२ ला बार्सिलोनात त्यांच्याच हाइके हेंकेलला उंच उडीचं सुवर्ण मिळालं, २.०२ मीटर. मध्ये वीस वर्षं गेली. क्लब तोच, गुरुजीही तेच.

पण सांगायचं आहे ते उलरीके मायफार्थचं. म्युनिकमध्ये १६ वर्षांच्या या पोरीने १.९२ मीटर उडी मारून सुवर्णाबरोबर विश्वविक्रमाचीही बरोबरी केली. तेव्हा ती ओझेनबर्ग यांच्याकडे नव्हती. चार वर्षांनी माँट्रियलला अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही. आपण तिला ‘संपली’ म्हणून कधीच मोकळे झालो असतो. पुढे ती लेव्हरकुझेनला ओझेनबर्ग यांच्याकडे आली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर पश्चिम जर्मनीने बहिष्कार टाकला, म्हणजे तीही संधी गेली. मग १९८२ ला अथेन्समध्ये २.०२ मीटरचा विश्वविक्रम, आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच उंचीवर पुन्हा सुवर्ण. पहिल्यानंतर बारा वर्षांनी!

साहेब, या मधल्या कोरड्या वर्षांची नोंद कुठल्या अहवालात होते?

नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे शाळेत मक्याच्या भुसकटावर पडून उंच उडी शिकला. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून तो सहावा आला. त्याच्या कौतुकाचे फलक लागले, छान झालं. भुसकट गोळा करणाऱ्या मास्तरांसारखी माणसं टिकावीत म्हणून काय केलं, ते विचारतोय.

आमच्या संकुलात माझी मुलगी उंच उडीचा सराव करते. पावसाने भिजलेल्या स्पंजच्या गादीला वास येतो, ते चालवून घेतो. पण तीन वर्षांत मार्गदर्शक तीन झाले, प्रत्येकाच्या नेमणुकीचा आदेश अकरा महिन्यांचा. पहिल्या सरांनी तिची उडीआधीची धाव पावलांनी मोजून वहीत लिहिली होती : नऊ पावलं, शेवटची पाच वळणावर, उजवीकडून. सर गेले, वहीही गेली. दुसऱ्यांनी सात पावलांवर आणलं. तिसरे धावपटूंचे, भला माणूस, पण आल्या आल्या म्हणाले, ‘उडीचं मला फारसं कळत नाही, बेटा.’ आता ती धाव सुरू करायच्या खुणेपाशी उभी राहते आणि माझ्याकडे बघते. मी एस.टी.त कंडक्टर, मी काय सांगणार?

नवं संकुल नको, उद्घाटनही नको. उडी शिकवणारा एक माणूस एका तालुक्यात किमान दोन ऑलिंपिकं राहू द्या, आणि बदली झालीच तर खेळाडूच्या नोंदी त्याने पुढच्याच्या हातात द्याव्यात, एवढा आदेश काढा. पहिल्या सरांचा फोन लागतो अजून. ते यायला तयार आहेत.

आपला,
एका उंच उडीवालीचा बाप